परीक्षेची यंत्रणा (लेखांक ६) : निकाल रद्द, पण कुणाचा?

विद्यापीठाच्या परीक्षेत पॅडखाली चिठ्ठी सापडली की पर्यवेक्षकाच्या वाट्याला आधी येते ते लिखाणकाम. चिठ्ठी ताब्यात घ्यायची, उत्तरपत्रिका काढून घ्यायची, किती वाजले होते ते टिपायचे आणि वरिष्ठ पर्यवेक्षकाला बोलवायचे. विद्यार्थ्याचा लेखी जबाब होतो, पर्यवेक्षकाचा अहवाल होतो आणि हे सगळे चिठ्ठीसह वेगळ्या लिफाफ्यात बंद होते. त्यानंतर सहसा विद्यार्थ्याला नवी कोरी उत्तरपत्रिका देऊन उरलेला पेपर लिहू देतात. बाकावरच्या इतर मुलांना हे विचित्र वाटते: पकडला, तरी बसूच दिले! पण यामागचा हिशेब सरळ आहे. चौकशीत तो निर्दोष ठरला, तर गेलेले दोन तास त्याला कोणीही परत देऊ शकत नाही. दोषी ठरला, तर ती नवी उत्तरपत्रिका बाद करायला एक सही पुरते.

पुढचे काम समितीचे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ च्या कलम ४८ नुसार जास्तीत जास्त पाच जणांची समिती नेमली जाते. तिच्यापुढे विद्यार्थी येतात, तसेच प्रश्नपत्रिका काढणारे, परीक्षक, नियामक (परीक्षकांच्या तपासणीची फेरपडताळणी करणारे) आणि परीक्षेशी संबंध असलेली इतर माणसेही येऊ शकतात. गैरप्रकार आणि कसूर हे दोन्ही एकाच कलमात बसवलेले आहेत. कागदावर ही जोडी शेजारी-शेजारी दिसते, व्यवहारात मात्र समितीच्या दारात बहुतेक वेळा विद्यार्थीच उभा असतो.

दोन्हींतला फरक परिणामाचा आहे. कॉपी, तोतया उमेदवार, फोडलेला पेपर, पैसे देऊन वाढवलेले गुण या गैरप्रकारांत कोणाला तरी हक्क नसलेला फायदा मिळतो. प्रश्नपत्रिकेतली चूक, उशिरा वाटलेला पेपर, हरवलेली उत्तरपत्रिका, बेरजेतली चूक या कसुरीत कोणाचे तरी हक्काचे जाते. पहिल्यात मिळालेले काढून घ्यायचे असते, दुसऱ्यात गेलेले भरून द्यायचे असते. दोन्हीकडे एकच प्रश्न अडवतो: बाधा नेमकी कुणाकुणाला झाली, हे वेगळे काढता येते का?

एकट्यादुकट्या विद्यार्थ्याच्या बाबतीत न्यायालयांनी याचे उत्तर साठीच्या दशकातच दिले. उत्तर प्रदेशात १९५४ च्या इंटरमिजिएट परीक्षेतल्या तीन विद्यार्थ्यांचे निकाल बोर्डाने त्यांना काहीही न विचारता रद्द केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि १९६२ मध्ये घनश्याम दास गुप्ता खटल्यात न्यायालयाने सांगितले, की कायद्यात सुनावणीचा शब्द नसला तरी ज्याचे वर्ष जाणार आहे त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. बागलेश्वर प्रसाद खटल्यात मात्र तेच बोर्ड जिंकले. तेथे विद्यार्थ्याला बोलावले होते, विचारले होते, आणि त्याच्या व शेजारच्या उमेदवाराच्या उत्तरपत्रिकेतल्या चुका शब्दशः एकसारख्या निघाल्या होत्या. बरोबर उत्तरे दोघांची सारखी असू शकतात, पण तीच चूक त्याच शब्दांत दोघांकडून होणे दुर्मीळ. अनुभवी परीक्षक आजही कॉपी ओळखतात ती अशा चुकांवरूनच.

पुरावा किती लागतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातले आहे. मार्च १९९० च्या दहावीच्या परीक्षेत मुंबई विभागीय मंडळाला २८३ विद्यार्थ्यांच्या बाबतीत नियामकांच्या गुणपत्रकांत खाडाखोड आढळली. परीक्षकाने दिलेले गुण आणि नियामकाच्या तक्त्यातले गुण जुळत नव्हते, आणि अनेकांच्या बाबतीत हा घोळ एकापेक्षा जास्त विषयांत होता. निकाल राखून ठेवले गेले, विद्यार्थी आणि पालक यांना बोलावून तक्ते दाखवले गेले. गुण बदललेले आहेत, हे बहुतेकांनी मान्य केले. ते बदल आपण केले किंवा करवले, हे मात्र कोणी मान्य केले नाही. मंडळाने निकाल रद्द केले आणि पुढच्या दोन परीक्षांना बसायला मनाई केली.

मुंबई उच्च न्यायालयाने हे आदेश रद्द ठरवले, कारण विद्यार्थ्यांचा हात असल्याचा थेट पुरावा नव्हता. मार्च १९९१ मध्ये के. एस. गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवला. मंडळाची चौकशी हा फौजदारी खटला नाही, तेव्हा निःसंशय पुराव्याची अपेक्षा धरता येत नाही. कोणती गोष्ट घडल्याची शक्यता अधिक, एवढे पाहायचे. आणि ज्याचे गुण वाढले त्याच्याशी किंवा त्याच्या पालकांशी संबंध नसताना कोणी परका माणूस एवढी उठाठेव कशाला करील? तर्क पटण्यासारखा आहे. तरी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला घरच्या मोठ्यांनी परस्पर केलेल्या व्यवहाराची शिक्षा झाली असेल, ही शक्यता त्या निकालाने मिटत नाही. न्यायालयाने मुलाची नैतिक चौकशी केली नाही, गुणपत्रकाची केली. खोट्या गुणांवर मिळालेला निकाल टिकू द्यायचा नसेल, तर याहून वेगळे काही करणे कठीणच होते.

अख्खे केंद्रच बिघडलेले असते, तेव्हा सुनावणीचा नियम सैल होतो. बिहारमधल्या हंसवाडीह केंद्रावर १९६९ च्या शालान्त परीक्षेत उत्तीर्णांचे प्रमाण इतर केंद्रांच्या मानाने संशय यावा इतके फुगले होते आणि उत्तरपत्रिका एकमेकींच्या नकला वाटत होत्या. बोर्डाने केंद्राची परीक्षाच रद्द केली. प्रत्येक मुलाला नोटीस द्यायला हवी होती, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये फेटाळला. कोणालाच दोषी ठरवलेले नाही, ही परीक्षा परीक्षा म्हणून झालीच नाही एवढेच ठरवले आहे, मग बचाव कोणी आणि कशाचा करायचा? ‘सामूहिक कॉपी’ या प्रकाराला आज जे वेगळे माप लावले जाते, ते याच निकालातून आले.

केंद्राकडून देशाकडे गेले की हे माप अवघड होते. अखिल भारतीय वैद्यकीय प्रवेश परीक्षा ३ मे २०१५ रोजी झाली. रोहतक पोलिसांनी पकडलेल्या टोळीने अंगातल्या बनियनमध्ये शिवलेली सिमकार्डे आणि कानातली सूक्ष्म यंत्रे वापरून अनेक राज्यांत उत्तरे पोहोचवली होती. फायदा घेतलेले ४४ उमेदवार ओळखता आले होते, परीक्षा दिली होती सहा लाखांहून अधिक मुलांनी. १५ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने अख्खी परीक्षा रद्द केली. ४४ सापडले, पण जाळे कुठवर पसरले आहे हे सांगता येत नव्हते, आणि निकालही लागलेला नव्हता. २५ जुलैला परीक्षा पुन्हा झाली.

नऊ वर्षांनी, ५ मे २०२४ च्या नीटमध्ये, हजारीबाग आणि पाटणा येथे पेपर फुटल्याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते. या वेळी परीक्षा दिलेली मुले सुमारे २३ लाख होती आणि २०१५ पेक्षा कितीतरी अधिक आकडे हाताशी होते. केंद्रनिहाय आणि शहरनिहाय गुणांचा आढावा घेता आला. फुटलेल्या पेपरचा फायदा मिळालेले म्हणून तपास यंत्रणेने सुमारे १५५ उमेदवारांचा उल्लेख केला. न्यायालयाने २३ जुलै रोजी फेरपरीक्षेची मागणी नाकारली, कारण बिघाड सर्वदूर पसरल्याचे दिसले नाही आणि बाधित उमेदवार वेगळे काढता येत होते. वरवर पाहता ४४ साठी परीक्षा रद्द आणि १५५ साठी नाही, असा उलटा हिशेब दिसतो. न्यायालयाने मोजले होते ते वेगळेच: सापडलेल्यांपलीकडे न सापडलेले किती असतील, याचा अंदाज बांधता येतो की नाही.

हेच माप महाराष्ट्र राज्य मंडळानेही लावलेले दिसते. ३ मार्च २०२३ रोजी बारावीच्या गणिताच्या पेपरची काही पाने सिंदखेडराजा भागात परीक्षेपूर्वी समाजमाध्यमांवर फिरली. गुन्हा दाखल झाला, अटका झाल्या, विशेष तपास पथक नेमले गेले. फेरपरीक्षा मात्र झाली नाही. पाने फिरू लागली तोपर्यंत मुले परीक्षा दालनात पोहोचलेली होती, ही मंडळाची भूमिका. त्याच वर्षी मंडळाने एक जुनी सवय मोडली होती. पेपर वाचायला मुलांना सुरुवातीला मिळणारी दहा मिनिटे बंद झाली, कारण ती वाचनापेक्षा मोबाइलवर फोटो फिरवायला जास्त उपयोगी पडत होती. नंतर तीच दहा मिनिटे शेवटी वाढवून दिली. फोडणाऱ्याला मिळणारी फट बुजली आणि मुलांचा वेळही गेला नाही. परीक्षेच्या कारभारात इतका नेटका तोडगा विरळाच सापडतो. प्रश्नपत्रिकांचे पंचवीसचे सीलबंद पाकीट परीक्षा दालनातच, दोन विद्यार्थ्यांच्या सह्या घेऊन फोडण्याची पद्धतही त्याच जातीची. सील दालनात येईपर्यंत शाबूत होते की आधीच फुटलेले, एवढे त्या दोन सह्यांवरून कळते; फुटलेले असेल तर ते परीरक्षक केंद्रात, वाहतुकीत की केंद्रसंचालकाच्या खोलीत फुटले, हे मात्र वेगळे शोधावे लागते.

फौजदारी कायदे या सगळ्याच्या बाजूला उभे आहेत. महाराष्ट्रात विद्यापीठ आणि मंडळाच्या परीक्षांसाठी १९८२ पासून वेगळा अधिनियम आहे. केंद्राचा सार्वजनिक परीक्षा (अनुचित मार्ग प्रतिबंध) अधिनियम २०२४ हा २१ जून २०२४ पासून लागू झाला. त्यात तीन ते पाच वर्षे कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड, तर संघटित टोळीला पाच ते दहा वर्षे कैद आणि किमान एक कोटी दंड अशी तरतूद आहे. परीक्षा घेणाऱ्या खासगी कंपनीकडून परीक्षेचा खर्च वसूल करता येतो. पण उमेदवार स्वतः या कायद्याखाली गुन्हेगार ठरत नाही. त्याचा निवाडा परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या नियमांनी होतो. दहावी-बारावीच्या परीक्षाही या कायद्याच्या यादीत नाहीत. तेथे केंद्रीय लोकसेवा आयोग, रेल्वे भरती, बँक भरती, राष्ट्रीय चाचणी संस्था अशा परीक्षा येतात.

कसुरीची बाजू कमी गाजते आणि तिची भरपाई अधिक फसवी असते. २०२३ मध्ये बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात कवितेच्या विभागात तीन ठिकाणी प्रश्नच नव्हते. परीक्षकांसाठीच्या सूचना आणि उत्तरे छापली गेली होती. मंडळाने सहा गुण देऊ केले, पण ज्यांनी तो विभाग सोडवण्याचा प्रयत्न केला किंवा निदान प्रश्नक्रमांक लिहिले त्यांना. चूक छापखान्याकडची असो वा प्रश्नपत्रिका काढणाऱ्याची, जो विद्यार्थी ‘येथे प्रश्नच नाही’ म्हणून सरळ पुढे गेला, तो या अटीत अडकतो. तो तर सर्वांत बारकाईने वाचणारा होता.

नीट २०२४ मध्येच भरपाईचा दुसरा फटका दिसला. सहा केंद्रांवर मुलांना पूर्ण वेळ मिळाला नव्हता, म्हणून १,५६३ उमेदवारांना वाया गेलेल्या वेळेच्या हिशेबाने वाढीव गुण दिले गेले. परीक्षेत १८० प्रश्नांना प्रत्येकी चार गुण. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. सगळे बरोबर आले तर ७२०, एक सोडला तर ७१६, एक चुकला तर ७१५. निकालात मात्र ७१८ आणि ७१९ गुण मिळालेली मुले निघाली. सामान्य बेरजेने असे आकडे येऊच शकत नाहीत, हे मुलांच्याच लक्षात आले आणि संशयाचा धुरळा उठला. १३ जून रोजी हे वाढीव गुण मागे घेण्यात आले. २३ जूनला फेरपरीक्षा ठेवली गेली. तिला १,५६३ पैकी ८१३ जण बसले. बाकीच्यांचे मूळ गुण कायम राहिले. वेळ गेला तर वेळच परत द्यावा, गुण देऊ नयेत, एवढे साधे शहाणपण या फेऱ्यातून सुचले.

मुंबई विद्यापीठाच्या २०१७ च्या प्रकरणात परत द्यायलाच काही उरले नव्हते. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत ऐन परीक्षेच्या तोंडावर आणली गेली. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन व्हायच्या होत्या आणि ४७७ परीक्षांचे निकाल लागायचे होते. ४५ दिवसांची मुदत उलटली, कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही उलटली, आणि कुलगुरूंना २४ ऑक्टोबरला पदावरून हटवले गेले. काही उत्तरपत्रिका सापडल्याच नाहीत. त्या विद्यार्थ्यांना इतर विषयांच्या आधारे सरासरी गुण देण्यात आले. चांगला पेपर लिहिलेल्याला सरासरीने मागे ओढले, वाईट लिहिलेल्याला वर काढले, आणि दोघांपैकी कोणालाही पुनर्मूल्यांकन मागता येत नव्हते, कारण पुन्हा तपासायला कागदच शिल्लक नव्हता.