इंटरव्ह्यूला सर्टिफिकेट मोबाइलमध्ये नेताय? आधी हे वाचा

रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीत इलेक्ट्रिशियनच्या जागेसाठी माझी मुलाखत होती. राहूहून सकाळीच गाडीवर निघालो. आयटीआयचं सर्टिफिकेट, दहावीची गुणपत्रिका, सगळं मोबाइलच्या गॅलरीत. म्हटलं, आता कागद कोण बघतंय? गेटवर फोन जमा करून घेतला. आत साहेबांनी सर्टिफिकेट मागितलं, तेव्हा गेटवरून फोन मागवावा लागला. उघडून बघतो तर व्हॉट्सॲपवरून आलेला तो फोटो इतका पुसट, की नंबरसुद्धा वाचता येईना. "उद्या ओरिजिनल घेऊन या," साहेब म्हणाले. दुसऱ्या दिवशी गेलो तोवर जागा भरली होती. चूक कंपनीची नव्हती, माझी होती.

आपल्या भागातली बरीच पोरं रांजणगाव नाहीतर कुरकुंभ एमआयडीसीत कामाला जातात. त्यांच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून हा लेख.

फोटो, अपलोड आणि इश्यूड: फरक काय?

डिजिलॉकर हे केंद्र सरकारचं ॲप २०१५ पासून आहे. बऱ्याच जणांच्या मोबाइलमध्ये ते असतं, पण त्यात कागदपत्रं दोन प्रकारची असतात हे माहीत नसतं.

- अपलोड केलेली: तुम्ही स्वतः फोटो काढून टाकलेली. ती फक्त साठवण. गॅलरीतल्या फोटोपेक्षा तिला जास्त किंमत नाही.
- इश्यूड: बोर्ड, आरटीओ, आयटीआयचं खातं अशा देणाऱ्या संस्थेच्या रेकॉर्डमधून थेट आलेली. २०१६ चे डिजिटल लॉकरचे नियम आणि त्यातली फेब्रुवारी २०१७ ची सुधारणा यांनुसार ही मूळ कागदाच्या बरोबरीची मानली जातात.

म्हणजे ॲप तेच, पण कागद कोणत्या कप्प्यात आहे त्यावर सगळं ठरतं.

सर्टिफिकेट कसं आणायचं?

१. आधारला जोडलेल्या मोबाइल नंबरने डिजिलॉकरमध्ये खातं उघडा आणि सहा आकडी पिन ठेवा.
२. सर्चमध्ये संस्थेचं नाव टाका. दहावी-बारावीसाठी महाराष्ट्र राज्य मंडळ शोधा.
३. वर्ष, सीट नंबर अशी जी माहिती मागेल ती जुन्या गुणपत्रिकेवर बघून भरा.
४. कागद 'इश्यूड' विभागात आला की पीडीएफ डाउनलोड करून ठेवा. कंपनीच्या शेडमध्ये नेटवर्क मिळेलच असं नाही.

इथे दोन ठिकाणी गाडी अडते. पहिलं, नंबर. आधारला जोडलेलं जुनं सिम बंद पडलं असेल, तर ओटीपी येणारच नाही. आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदला. दुसरं, नाव. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी; कुठे वडिलांचं नाव आहे, कुठे नुसतं अक्षर. लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंना तर हा त्रास हमखास होतो. नाव जुळलं नाही की ॲप कागद देत नाही. त्यामुळे हे काम मुलाखतीच्या आदल्या रात्री करायला घेऊ नका.

प्रिंट काढली की सही जाते

डिजिलॉकरमधल्या पीडीएफवर बऱ्याचदा डिजिटल सही असते. ती म्हणजे सहीचं चित्र नाही, लिफाफ्यावरच्या लाखेच्या सीलसारखी गोष्ट आहे. फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी सील तुटल्याचं कॉम्प्युटरला कळतं. पण हे सील फाइलमध्ये असतं, कागदावर नाही. प्रिंट काढली किंवा स्क्रीनशॉट घेतला, की राहतं ते नुसतं चित्र.

म्हणून एचआरने ईमेलवर सर्टिफिकेट मागितलं, तर मूळ पीडीएफच पाठवा. व्हॉट्सॲपवर पाठवायचं झालं तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइल उघडल्यावर सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं तर घाबरू नका. त्या कॉम्प्युटरने ती सही अजून तपासलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. सर्टिफिकेटवर क्यूआर कोड असेल तर तो प्रिंटवर स्पष्ट उमटलाय ना, हे दुकानातच स्कॅन करून बघा.

बॅगेत काय हवं?

नियम काहीही म्हणो, समोरचा माणूस मूळ कागद मागू शकतो. मी आता हे नेतो:

- मूळ सर्टिफिकेट, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये
- स्वतःची सही केलेल्या झेरॉक्सचे दोन संच
- फोनमध्ये डाउनलोड केलेल्या पीडीएफ, नीट नावं देऊन. 'स्कॅन००१२' असं नाव असेल तर ऐन वेळी तुम्हालाच सापडणार नाही
- लायसन्स किंवा परवाना असेल तर त्याची मुदत आधीच तपासून

काय द्यायचं नाही?

मूळ सर्टिफिकेट दाखवायचं असतं, ठेवून यायचं नसतं. कोणी "ओरिजिनल आमच्याकडे राहू दे" म्हणालं, तर नम्रपणे सांगा, "सर, बघून घ्या, झेरॉक्स ठेवा." कागद अडकला की दुसरी नोकरी बघणंही अवघड होतं. 'व्हेरिफिकेशन फी' म्हणून कोणी पैसे मागितले तर तिथूनच मागे फिरा. डिजिलॉकरचा ओटीपी आणि पिन कुणालाही सांगू नका. ओळखीसाठी आधार द्यायचंच असेल तर मास्क्ड आधार चालेल का विचारा. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. आणि झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढल्यावर तिथल्या कॉम्प्युटरवरची फाइल डिलीट करून घ्या, व्हॉट्सॲप वेब लॉगआउट करा.

माझी ती जागा गेली ती गेलीच. पण पुढच्या मुलाखतीत साहेबांनी "सर्टिफिकेट?" म्हणताच फोल्डर पुढे केला, त्यांनी पानं उलटली आणि थेट कामाचे प्रश्न सुरू केले. आज रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं काढा, डिजिलॉकर उघडा आणि एवढंच बघा: तुमचं सर्टिफिकेट 'इश्यूड'मध्ये आहे की 'अपलोड'मध्ये?