इलेक्ट्रॉन कुणाच्या पारड्यात?

बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची अणूची क्षमता म्हणजे विद्युतऋणता. लायनस पाउलिंग यांनी १९३२ मध्ये तिला आकडे दिले. फ्लोरीन ३.९८ वर, सगळ्यांत पुढे.

खरी गंमत दोन आकड्यांतल्या फरकात आहे. मिठात सोडियम ०.९३, क्लोरीन ३.१६, फरक २.२३. सोडियमचा इलेक्ट्रॉन जवळजवळ पुरताच क्लोरीनकडे जातो आणि बंध आयनिक होतो. क्लोरीनच्या रेणूत फरक शून्य, म्हणून वाटणी निम्मी-निम्मी. पाण्यात हायड्रोजन २.२०, ऑक्सिजन ३.४४: भागीदारी आहे, पण मोठा वाटा ऑक्सिजनचा. त्यामुळे रेणूची एक बाजू किंचित ऋण, दुसरी किंचित धन. पाण्यात मीठ विरघळते ते याच जोरावर.

‘फरक १.७ च्या वर गेला की बंध आयनिक’ हा परीक्षेतला लाडका नियम मात्र जपूनच वापरावा. हायड्रोजन फ्लोराइडमध्ये फरक १.७८ आहे, तरी बंध सहसंयुज, म्हणजे भागीदारीचाच; ते जेमतेम २० अंश सेल्सिअसला उकळते. मीठ नुसते वितळायलाच ८०१ अंश लागतात. आणि ३.१९ एवढा फरक असलेल्या सिझियम फ्लोराइडचा बंधही शंभर टक्के आयनिक नसतो.