साधनविमोचन, संगणकीय

आज्ञावलीने परिचालन प्रणालीकडून वापरासाठी घेतलेली फाइल, डेटाबेसची जोडणी, मुद्रक यांसारखी साधने काम संपताच परत करण्याची क्रिया. ज्या भाषांत स्मृतीची सफाई आपोआप होते, त्या भाषांतही ही क्रिया आज्ञावली लिहिणाऱ्यालाच योजावी लागते. किंबहुना सफाईच्या भरवशामुळेच ती तेथे अधिक विसरली जाते.

स्मृतीच्या स्वयंचलित सफाईस ‘गार्बेज कलेक्शन’ म्हणतात. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी योजिलेल्या या पद्धतीचे वर्णन १९६० मध्ये प्रसिद्ध केले. आज्ञावलीला ज्या ऑब्जेक्टपर्यंत कोणत्याही मार्गाने पोहोचता येत नाही, ते निरुपयोगी मानून त्याची जागा मोकळी केली जाते. जावा, सी-शार्प इ. भाषांत ही सोय असते. परंतु हे काम करणाऱ्या संकलकाची नजर केवळ स्मृतीवर असते. उघडलेली फाइल आज्ञावलीच्या स्मृतीत एका लहानशा क्रमांकाच्या रूपाने असते. तिची खरी नोंद परिचालन प्रणालीकडे राहते. स्मृती भरत आली म्हणजे संकलक कामास लागतो, फायलींची मर्यादा संपत आली म्हणून नव्हे.

समजा, लातूरच्या अडत बाजारातील एका पेढीची आज्ञावली सोयाबीनच्या प्रत्येक पट्टीसाठी नांदेड येथे ठेवलेल्या डेटाबेसशी नवी जोडणी उघडते आणि ती बंद करावयाचे राहून गेले आहे. पोस्टग्रेस-एसक्यूएल या डेटाबेसमध्ये एका वेळी चालू राहणाऱ्या जोडण्यांची मर्यादा मुळात १०० ठरविलेली असते. उन्हाळ्यात दिवसाला तीस-चाळीस पट्ट्या होतात. संध्याकाळी आज्ञावली बंद होताच परिचालन प्रणाली सर्व साधने परत घेते व दोष झाकला जातो. दिवाळीच्या सुमारास आवक वाढली, की दुपारीच मर्यादा गाठली जाऊन पुढची पट्टी अडते. स्मृती बरीचशी मोकळी असल्याने संकलकाला चालण्याचे कारणच नसते. कारकून संगणक बंद करून पुन्हा सुरू करतो, काम चालू लागते आणि चुकीचा ठपका यंत्रावर किंवा तारेवर येतो. पट्टीसाठी ताटकळणाऱ्या शेतकऱ्याचा खोळंबा मात्र दुसऱ्या दिवशीही टळत नाही. चाचणीत दहा-वीस पट्ट्यांपलीकडे सहसा कोणी जात नसल्याने असा दोष तेथे उघडकीस येत नाही.

ऑब्जेक्ट नष्ट होण्यापूर्वी संकलकाने चालवावयाच्या ‘फायनलायझर’ या उपायावर पूर्वी बरीच भिस्त होती. तो केव्हा चालेल, कोणत्या क्रमाने चालेल, किंबहुना चालेल की नाही, याचीच शाश्वती नसते. जावामध्ये २०१७ साली तो त्याज्य ठरविण्यात आला व २०२२ मध्ये पुढे काढून टाकावयाचा म्हणून जाहीर झाला. पायथनच्या प्रचलित आवृत्तीत संदर्भांची मोजणी होत असल्यामुळे फाइल पुष्कळदा लगेच बंद होते. ही सोय भाषेच्या नियमाचा भाग नाही, त्यामुळे तिच्यावर विसंबणे योग्य नव्हे.

साधन स्पष्ट आज्ञेने बंद करणे हाच खरा मार्ग होय. मात्र ती आज्ञा शेवटी लिहून भागत नाही. मध्येच त्रुटी उद्‌भवल्यास आज्ञावली तेथपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून साधनाचा वापर एका खंडात बांधून, खंडातून कोणत्याही वाटेने बाहेर पडताना ते बंद व्हावे अशी रचना भाषांतच करण्यात आली : सी-शार्पमधील ‘यूझिंग’, पायथनमधील ‘विथ’ (२००६) व जावामधील साधनांसह ‘ट्राय’ (२०११) ही तिची रूपे होत. एका खंडात अनेक साधने घेतल्यास ती घेतल्याच्या उलट क्रमाने बंद होतात. हा क्रम महत्त्वाचा असतो. लिहिलेला मजकूर तात्पुरत्या साठ्यात असतानाच त्याखालील फाइल बंद झाली, तर तो मजकूर गमावला जातो.

साधन खंडाबाहेर द्यावयाचे असेल किंवा अनेक भागांनी वापरावयाचे असेल, तर ही रचना अपुरी पडते. तेथे ते बंद करण्याची जबाबदारी कोणत्या भागाची, हे आज्ञावलीच्या आराखड्यातच ठरवावे लागते. डेटाबेसच्या बाबतीत जोडण्यांचा एक सामाईक साठा ठेवतात. त्यातील जोडणी ‘बंद’ केली म्हणजे ती न तुटता पुढील मागणीसाठी साठ्यात परत जाते.