निरक्षरांसाठी काढलेली तोड

स्कॉटलंडच्या वायव्येला, अटलांटिकच्या तोंडावर लुईस नावाचं बेट आहे. तिथे फ्री चर्च या ख्रिस्ती पंथाच्या चर्चमध्ये गेलिक भाषेत स्तोत्रं गातात. ऑर्गन नाही, पियानो नाही, टाळीसुद्धा नाही. प्रार्थनेला मंडळी उभी राहते आणि गायला मात्र खाली बसते. व्यासपीठाखालचा एक गृहस्थ स्तोत्राची ओळ एकट्याने, झपाझप म्हणून टाकतो. ती संपते न संपते तोच मंडळी ती उचलते, आणि मग जे ऐकू येतं त्याने अंगावर काटा येतो. चाल एकच, पण प्रत्येक जण तिच्यावरून आपापल्या वेगाने जातो. कोणी आधी पोचतो, कोणी मागे रेंगाळतो, कोणी मधल्या जागेत दोन-चार मुरक्या घेतो. आपल्या भजनातही बुवा ओळ सांगतात आणि टाळकरी ती धरतात. पण तिथे टाळ-मृदंग सगळ्यांना एका लयीत बांधून ठेवतात. इथे तो बांधच नाही.

वाटतं, हे फार प्राचीन असणार. तसं नाही. इंग्लंडमधल्या वेस्टमिन्स्टर धर्मसभेने 1645 च्या सुमारास उपासनेची नियमावली केली. सगळ्यांनी गावं ही इच्छा, पण अनेकांना वाचताच येत नव्हतं. म्हणून तोड काढली: अशा ठिकाणी तूर्तास पाळकाने किंवा दुसऱ्या कोणी एकेक ओळ आधी वाचून दाखवावी. स्कॉटलंडच्या प्रतिनिधींना ही इंग्रजी सवय पसंत नव्हती, हे विशेष! तात्पुरती सोय पावणेचारशे वर्षं टिकली, तीही त्यांच्याच देशात.

गेलिकमधली पहिली पन्नास स्तोत्रं 1659 मध्ये छापली गेली. स्तोत्रांचं माप ठरलेलं, आठ-सहा-आठ-सहा अक्षरांचं. त्यामुळे एकच चाल कितीतरी स्तोत्रांना बसते.

पण गाणं इतकं संथ आणि नक्षीदार झालं कसं? अभ्यासक निकोलस टेम्परली यांनी 1981 मध्ये दिलेलं उत्तर मला फार आवडतं. वाद्याविना गाणारा मोठा समूह हळूहळू मंदावतोच. प्रत्येक जण शेजाऱ्याची चाहूल घेत पुढचा सूर लावायला क्षणभर थांबतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या तो क्षण लांबत जातो. सूर इतका ताणला की गळा आपोआप फिरू लागतो. या हरकती कुणा एकाने रचलेल्या नाहीत; त्या साचत गेल्या.

अमेरिकेतही हेच घडलं. 1721 मध्ये बॉस्टनजवळचे पाळक थॉमस वॉल्टर यांनी या गोंगाटाबद्दल वैतागून लिहिलं, स्वरलिपी शिकवणारं पुस्तक काढलं. गायनशाळा निघाल्या, शहरं ‘सुधारली’. केंटकीच्या डोंगरातल्या बॅप्टिस्ट चर्चांनी आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय बॅप्टिस्ट चर्चांनी मात्र जुनी रीत सोडली नाही. येल विद्यापीठातले जॅझवादक विली रफ म्हणत, कृष्णवर्णीयांकडे ती गेलिक स्थलांतरितांकडून आली. मला हे पटत नाही. इंग्रजी चर्चमध्येही तीच रीत असताना इतका वळसा कशाला?

इकडे स्कॉटलंडमध्ये 2010 साली फ्री चर्चने वाद्यांना आणि नव्या गीतांना मुभा दिली, आणि गेलिक बोलणारेही घटत आहेत. लुईसवरच्या बॅक गावात केलेली ध्वनिमुद्रणं मिळतात, ती जरूर ऐका. पहिली दोन मिनिटं नुसता गोंधळ वाटेल. तिथे बंद करू नका.