हेमिसची यात्रा

लडाखच्या बौद्ध मठांत होणाऱ्या मुखवट्यांच्या नृत्यांस जुन्या इंग्रज प्रवाशांनीं ‘सैतानाचा नाच’ असें नांव दिलें आणि तें पुष्कळ वर्षें तसेंच चालत आलें. घरून निघतांना आमच्याहि मनांत असेंच कांहीं तरी होतें, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. बरोबर सत्तरी ओलांडलेल्या मातोश्री होत्या. त्यांस सिंधूचें दर्शन घ्यावयाचें होतें; यात्रा ही आमची हौस.

विमानानें लेहला उतरलें कीं माणूस एकदम साडेअकरा हजार फुटांवर येतो. पहिले दोन दिवस कांहीं न करतां स्वस्थ पडून राहावें, ही सूचना वाचकांनीं अक्षरशः पाळावी. वृद्धांनीं तर डॉक्टरांस विचारल्यावांचून निघूंच नये.

लेहपासून हेमिस सुमारें ४५ किलोमीटर आहे. सिंधूच्या कांठानें कारूपर्यंत जावयाचें, तेथें नदी ओलांडून डोंगराच्या घळींत शिरावयाचें. अगदीं जवळ जाईपर्यंत मठ दृष्टीस पडत नाहीं. सतराव्या शतकांत राजा सेंगे नामग्याल याच्या आश्रयानें तागत्सांग रास्पा या लामानें तो उभारला. द्रुक्पा पंथाचा लडाखांतील हा प्रमुख मठ होय. तिबेटी पंचांगाच्या पांचव्या महिन्यांतील शुद्ध दशमीस यात्रेस आरंभ होतो व ती दोन दिवस चालते. आपल्याकडे तेव्हां बहुधा जूनची अखेर किंवा जुलै असतो. स्पितुक, माथो इत्यादि मठांचे उत्सव ऐन हिंवाळ्यांत येतात. त्यामुळें परक्या प्रवाशांची सारी गर्दी हेमिसकडे लोटते. दर बारा वर्षांनीं, वानरवर्षीं, मोत्यांनीं मढविलेला पद्मसंभवाचा प्रचंड रेशमी पट येथें उलगडतात. २०१६ सालीं तो निघाला होता; आतां २०२८.

ज्याचा हा जन्मोत्सव तो पद्मसंभव आठव्या शतकांत उड्डियान देशांतून तिबेटांत गेलेला तांत्रिक आचार्य. कथा अशी कीं, साम्ये येथें तिबेटचा पहिला विहार बांधला जात असतां दिवसा उभारलेल्या भिंती रात्रीं भुतें पाडून टाकीत. राजा ठिसोंग देचेन यानें पद्मसंभवास पाचारण केलें. त्यानें भुतांचा संहार केला नाहीं. त्यांस जिंकून त्यांच्याकडून धर्मरक्षणाची शपथ घेतली. मठाच्या अंगणांत जे विक्राळ चेहरे नाचतात त्यांतील पुष्कळसे या शपथेनें बांधलेल्या राखणदारांचे आहेत. कोंकणांतल्या वाचकांस राखणदार म्हणजे काय हें सांगावयास नको.

या नृत्यास ‘छम’ म्हणतात. तें भिक्षूच करितात. आपल्याकडे जव्हार-मोखाड्याच्या बाजूस बोहाड्यांत देवांचे मुखवटे घालून सोंगें निघतात, त्याची आठवण होते. परंतु छमची चाल फार संथ. एक पाय उचलावा, क्षणभर तसाच धरावा, अर्धी गिरकी घ्यावी, टेकावा. लांबलचक कर्णे भूमीवर टेंकवून फुंकतात. तो स्वर कानांपेक्षां छातींतच अधिक ऐकूं येतो. त्याबरोबर झांजा, शंख, सनईसारखें एक वाद्य आणि वांकड्या काठीनें वाजविलेले ढोल. पहिल्या तासांत आम्हांस, खरें सांगावयाचें तर, कंटाळा आला. मग केव्हां तरी डोळे त्या संथपणास सरावले.

सोनेरी मुखवट्याचा पद्मसंभव छत्राखालून येतो, त्याचीं आठ रूपें पाठोपाठ. त्यांत शाक्यसिंह, सूर्यरश्मी, सिंहनाद हीं नांवें संस्कृतांत ऐकून परकेपणा बराच ओसरला. काळ्या टोपीवाल्यांस मात्र मुखवटा नसतो. परंपरा सांगते कीं, ८४२ सालीं बौद्धधर्माचा छळ करणाऱ्या लांगदर्मा राजास पालग्यी दोर्जे नांवाच्या भिक्षूनें ठार मारिलें. रुंद बाह्यांत धनुष्यबाण लपवून तो राजापुढें नाचला, बाण सोडला आणि काजळी फासलेल्या घोड्यावरून पळाला. नदींत घोडा धुतला जाऊन पांढरा निघाला, झगा उलटा केला तोहि पांढरा, व तो निसटला. या वधास तिबेटी भाषेंत ‘मोक्ष देणें’ अशा अर्थाचा शब्द आहे. राजाच्या हातून पुढें आणखी पाप घडूं नये, हा भिक्षूचा हेतु म्हणे. हें समर्थन आम्हांस पटलें नाहीं. भिक्षूनें शस्त्र धरिल्यावर त्याची कारणें कितीहि सुंदर रचितां येतात! परंतु नृत्याच्या अखेरीस जी कणकेची मानवाकृति शस्त्रानें छेदितात, ती कोणा राजाची नव्हे. तिला ‘लिंग’ हा आपलाच शब्द आहे, अर्थ केवळ खूण. आणि खूण असते ती अहंकाराची, असें तेथील भिक्षु सांगतात. तितकें आम्हांस समजलें.

त्या प्रसंगाचा फोटो घ्यावा म्हणून आम्ही उठून पुढें गेलों. मागून कोणी तरी हळूच सदऱ्यास ओढलें. वळून पाहतों तों डोक्यावर पिरोजे जडविलेला ‘पेराक’ घातलेली एक वृद्धा, हातांत जपमाळ. आमच्या पाठीमुळें तिला कांहीं दिसत नव्हतें. ती रागावली नाहीं, यानेंच आम्ही अधिक ओशाळलों. देवळांत आरतीच्या वेळीं कोणी आमच्या मातोश्रींपुढें असा उभा राहिला असता तर आम्ही काय म्हटलें असतें?

मागें येऊन बसलों. इतक्यांत सांगाड्यांचीं सोंगें आलीं, स्मशानाचे अधिपति. मातोश्रींनीं तोंड फिरविलें. वडील जाऊन त्या वेळीं वर्षहि झालें नव्हतें. “देवाच्या दारांत हें कशाला रे?” त्या म्हणाल्या. वृद्धेच्या नातवास हिंदी उत्तम येत होतें. त्यानें प्रश्न आजीस सांगितला. ती बराच वेळ बोलली आणि नातवानें थोडक्यांत सांगितलें: मेल्यानंतर वाटेंत हेच चेहरे भेटतात. अनोळखी असले तर जीव भिऊन पळतो आणि वाट चुकतो. म्हणून लहानपणापासून दरवर्षीं येऊन पाहून ठेवावयाचे. आजी साठ-सत्तर वेळां पाहून चुकली आहे.

मातोश्री कांहींच बोलल्या नाहींत. लेहला परततांना मोटारींतहि गप्पच होत्या, दोनदां मात्र त्यांनीं विचारलें, “उद्यां किती वाजतां निघायचं?”

दुसऱ्या दिवशीं आम्ही पोहोंचलों तों अंगण भरत आलें होतें. आम्ही सज्जांतील जागेची चौकशी करीत असतां मातोश्री दिसेनाशा झाल्या. शोधतां शोधतां त्या सांपडल्या खालीं, भुईवर, कालच्या वृद्धेच्या शेजारीं. भाषा एकमेकींची एकीसहि येत नव्हती. त्यांच्या पुढ्यांत लोण्याचा खारट चहा होता. मातोश्रींनीं त्याचा एक घोट घेतला होता आणि दुसरा घ्यावा कीं काय या विचारांत त्या होत्या. त्यांचा चिवड्याचा डबा वृद्धेच्या मांडीवर उघडा होता. सांगाडे आले तेव्हां वृद्धेनें बोट करून दाखविलें, आणि मातोश्रींनीं चष्मा पुसून डोळ्यांवर चढविला.