हिमवर्षाव आणि सहकुटुंब प्रवास

दिवाळी आटोपली कीं घरोघर नाताळच्या सुटीचे बेत सुरू होतात. पूर्वीं आपल्याकडील मंडळी हिमालयांत जात तीं यात्रेसाठीं. अक्षय्यतृतीयेनंतर निघत, आणि केदारनाथाचे दरवाजे भाऊबीजेला मिटण्यापूर्वीं परतत. आतां आजीपासून नातवापर्यंत सारें कुटुंब ऐन पौषांत काश्मीरला वा मनालीला जातें, तें मुद्दाम बर्फ पाहण्यासाठीं. जावें, त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु सह्याद्रींतील पावसाची संवय असलेल्या माणसास बर्फाचा स्वभाव ठाऊक नसतो. पाऊस गर्जत येतो. बर्फ मुकाट्यानें सांचतें. अमरकोशांत बर्फाच्या राशीला 'हिमानी' असा स्वतंत्र शब्द आहे. आपल्या बोलींत तसा शब्द लागलाच नाहीं.

हें बर्फ अवचित मात्र येत नाहीं. भूमध्य समुद्राकडून पूर्वेकडे सरकणारे वातावरणांतील प्रक्षोभ हिमालयास अडतात व तेथें बर्फ टाकतात. त्यांची चाहूल बहुधा कांहीं दिवस आधीं लागते. भारतीय हवामान विभाग आपला इशारा रंगांनीं देतो. हिरवा असल्यास चिंता नाहीं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे सज्ज राहा. तांबडा म्हणजे तात्काळ हालचाल करा. माझें स्पष्ट मत असें कीं, बरोबर म्हातारीं माणसें व मुलें असतील तर नारिंगी रंगावरच घांटांतला प्रवास रहित करावा.

इशारा मिळूनहि काय घडतें, याचें उदाहरण फार जुनें नाहीं. जानेवारी २०२२ मध्यें पाकिस्तानांतील मरी या थंड हवेच्या ठिकाणीं जोरदार हिमवर्षाव होणार, असें तेथील हवामानखात्यानें आधींच कळविलें होतें. लोक थांबले नाहींत. बर्फ पाहावयास मिळेल म्हणून हजारों मोटारी वर चढल्या. ७ तारखेच्या रात्रीं झाडें कोसळलीं, रस्ते बुजले, आणि किमान २२ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांत मुलेंहि होतीं. बहुतेकांस मरण आलें तें आपापल्या मोटारींत.

त्यांपैकीं कित्येकांचा बळी थंडीपेक्षां कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूनें घेतला असावा, असें तेव्हां सांगण्यांत आलें. ऊब राहावी म्हणून इंजिन चालू ठेवावें, कांचा लावून घ्याव्या; मागें बर्फ चढत जाऊन सायलेन्सरचें तोंड बुजावें, आणि बाहेर जाणारा वायु आंत शिरावा. या वायूला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनशीं तो प्राणवायूच्या दोनशें पटींहून अधिक घट्टपणें जखडतो. प्रथम डोकें दुखतें, मग गुंगी येते. मूल शांत निजलें असें आईस वाटतें, आणि तिचाहि डोळा लागतो.

म्हणून गाडी अडकलीच तर प्रथम उतरून सायलेन्सरभोंवतालचें बर्फ उकरावें. इंजिन तासांतून सुमारें दहा मिनिटेंच चालवावें, दर खेपेस तें तोंड पुन्हां पाहावें, व वाऱ्याच्या उलट बाजूची कांच थोडी उघडी ठेवावी. सर्वांनीं एकदम निजूं नये. वादळांत गाडी सोडून पायीं निघूं नये; तिला भडक रंगाचें वस्त्र बांधावें, म्हणजे शोधणाऱ्यांस दिसेल. हाच नियम मुक्कामींहि. बाळंतिणीच्या खोलींतली शेगडी आपणांस परिचित आहे. पण हॉटेलच्या बंद खोलींत पेटती शेगडी घेऊन निजणें म्हणजे तोच वायु उशाशीं घेणें होय.

दुसरें भय हिमकड्यांचें. ताजें बर्फ बहुधा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावरून घसरतें. सिक्कीममध्यें ४ एप्रिल २०२३ रोजीं नथुला मार्गावर अशा लोटाखालीं सात पर्यटक दगावले. परवाना तेराव्या मैलापर्यंतचा असतां लोक पंधराव्या मैलापर्यंत गेले होते, असें तेथील अधिकाऱ्यांनीं सांगितलें.

माणसें अशीं पुढें कां जातात? अज्ञानानें क्वचितच. हॉटेलचे पैसे भरलेले असतात, परतीचें तिकीट ठरलेलें असतें, आणि दहाजणांत "आज नको" म्हणण्याचें कोणाच्या वांट्यास आलेलें नसतें. तेव्हां निघण्यापूर्वींच घरांतील एका वडीलधाऱ्या माणसाकडे तो अधिकार द्यावा, व बेतांत दोन दिवस मोकळे ठेवावे. तेथला चालक नको म्हणाला तर जादा भाड्याचें आमिष दाखवूं नये. कोणत्या वाटेनें जाणार व केव्हां पोंचणार, हें घरीं कळवून मगच घांट चढावा. मोबाइल अंगावरील कपड्यांच्या आंत ठेवावा; थंडीनें त्याची बॅटरी लवकर उतरते.