कोयत्याचा दर आणि जिनिव्हाचा निकाल

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारच्या वाड्यावस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत ताडपत्र्या, बांबू, ज्वारी-बाजरीची पोती, भांडीकुंडी, एखादी शेळी आणि या सगळ्यावर बसलेली माणसं. मागं उरतात म्हातारीकोतारी आणि दाराला कुलपं. ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी किंवा एकटी बाई आली तर अर्धा. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेऊन खर्चून झालेली असते. म्हणजे माणूस फडात पाय ठेवतो तो कर्जदार म्हणूनच.

या कोयत्यानं तोडलेल्या उसाची साखर गेल्या सात-आठ हंगामांत जगभर फिरून आली. तिच्यावरून जिनिव्हात खटला चालला, मुक्त व्यापाराच्या करारांत तिला वगळण्याच्या वाटाघाटी झाल्या. या सगळ्यात कोयता कुठं होता, ते मागं वळून बघायला हवं.

2018-19 मध्ये साखर गोदामांत मावत नव्हती आणि शेतकऱ्यांची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा भाव, थकली होती. सरकारनं निर्यातीला मदत दिली. 2019-20 साठी 60 लाख टन साखरेला टनामागे 10,448 रुपये. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला तेव्हा जिनिव्हाच्या जागतिक व्यापार संघटनेत आधीच गेले होते. भारत उसाला ठरवून देतो तो भाव आणि निर्यातीची मदत, दोन्ही नियमाबाहेरचे आहेत, अशी त्यांची तक्रार होती. 14 डिसेंबर 2021 ला निकाल भारताच्या विरोधात गेला. त्यावर भारतानं अपील केलं. अपील ऐकणाऱ्या मंडळावर सदस्यच नेमलेले नसल्यानं ते तिथंच पडून राहिलं.

या खटल्यात शेतकऱ्याच्या भावाची चिरफाड झाली, कारखान्याच्या वाहतूक खर्चाची झाली. तोडणीचा दर हा वादाचा मुद्दाच नव्हता. जरा हिशेब करून बघा. एक टन साखरेला नऊ-दहा टन ऊस लागतो. 2019-20 मध्ये तोडणी टनाला 240 रुपयांच्या आसपास होती. म्हणजे एक टन साखरेमागं नवरा-बायकोच्या वाट्याला बावीस-चोवीसशे रुपये. तीच साखर बोटीवर चढवायला सरकारनं दिलेली मदत त्याच्या चौपटीहून जास्त. ही मदत शेतकऱ्यांची देणी भागवायला होती, तिच्यावर माझा राग नाही. पण साखरेचं अर्थकारण कुणाला दिसतं आणि कुणाला नाही, ते या दोन आकड्यांवरून कळतं.

कोयत्याचा करार वेगळ्याच टेबलावर होतो. एका बाजूला राज्य सहकारी साखर कारखाना संघ, दुसऱ्या बाजूला ऊसतोड कामगारांच्या संघटना, मध्ये लवाद. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे या नेत्यांनी कोयता बंद ठेवून ही पद्धत उभी केली आणि तिचं मोल कमी लेखायचं कारण नाही. कामगार कारखान्याच्या हजेरीपटावर नाही, मुकादम स्वतःला ठेकेदार म्हणवत नाही, अशा धंद्यात राज्यभराचा एक दर मिळवणं ही मोठी गोष्ट होती. पण संघटना पक्षांप्रमाणे फुटत गेल्या. कामगारांची बाजू मांडणारं घर आणि कारखाना चालवणारं घर एकच असण्याची बीडला सवयही झाली.

2020 चा हंगाम सुरू व्हायच्या आधी कोयता बंदची हाक होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये टाळेबंदीत लाखाहून जास्त तोडणी कामगार कारखान्यांच्या हद्दीत अडकून पडले होते, तो राग ताजा होता. 27 ऑक्टोबरला पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये बैठक झाली आणि 14 टक्के वाढ ठरली. दर टनाला 273 रुपयांवर गेला, तीन वर्षांसाठी.

आता त्या तीन वर्षांत काय झालं बघा. 2021-22 ला भारतानं निर्यातीचा विक्रम केला, सुमारे 110 लाख टन, तेही मदतीशिवाय. महाराष्ट्रानं उत्तर प्रदेशाला मागं टाकून 137 लाख टन साखर काढली. ऊस इतका झाला की गाळप जूनपर्यंत लांबलं. ज्या बीडचे लोक दुसऱ्यांचे फड मोकळे करत होते, त्याच बीडच्या गेवराई तालुक्यात तोड येत नाही म्हणून एका शेतकऱ्यानं मे महिन्यात फड पेटवून जीव दिला. कोयत्याचा दर 273. पुढच्या वर्षी निर्यातीला लगाम बसला. कोयत्याचा दर 273. बाजार वर गेला काय आणि खाली आला काय, फडात त्याची झुळूकही आली नाही.

दर हलला तो शेजारच्या राज्यामुळं आणि कोयता थांबवण्याच्या भीतीमुळं. गुजरातनं ऊसतोडीचा किमान दर टनाला 238 वरून 476 रुपये केला. दक्षिण गुजरातच्या फडांत डांगचे आणि आपल्या नंदुरबार-धुळ्याचे आदिवासी राबतात. तिथल्या संघटनांनी अनेक वर्षं लावून धरलेली ही मागणी होती. हा आकडा मग महाराष्ट्रातल्या संघटनांच्या तोंडी आला. सोबत दुसरा प्रश्न: हार्वेस्टरला टनामागे माणसापेक्षा जास्त पैसे देता, मग माणसाला का नाही? जानेवारी 2024 मध्ये पुण्यात शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादानं 34 टक्के वाढ दिली. 273 चे 366 झाले. मुकादमाचं कमिशनही एका टक्क्यानं वाढून 20 वर गेलं.

सीमेपलीकडच्या कामगारांशी एकजूट म्हटली की आपल्याला परदेश आठवतो. बीडच्या माणसाची पहिली सीमा निपाणीच्या अलीकडंच आहे. कर्नाटकातल्या बेळगाव, बागलकोटच्या कारखान्यांवर हजारो कोयते जातात आणि पुण्यात झालेला करार त्या कारखान्यांवर बंधनकारक नसतो. तिथं उचलीवरून टोळी अडवून ठेवली तर बीडची संघटना फोन करण्यापलीकडं फारसं काही करू शकत नाही. आंतरराज्य स्थलांतरितांसाठी 1979 चा कायदा होता. फडात तो कुणी पाहिला असेल तर मला भेटावं.

परदेशाशी नातं जुळलं ते वेगळ्याच वाटेनं, बायकांच्या शरीरावरून. पाळी आली, पोट दुखलं म्हणून खाडा पडला की दंड. मग गर्भाशयच काढून टाकायचं. या प्रकाराच्या चौकशीसाठी नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीच्या काळात झालेल्या पाहणीत बीडच्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं हा विषय कोका-कोला आणि पेप्सीच्या साखरेशी जोडला, तेव्हा जगाला बीड कळलं. बीडमधल्या महिला संघटना हे आधीपासून सांगत होत्या, पण त्यांच्या ओरडण्याला ब्रँडचं नाव चिकटेपर्यंत दूरचं कुणी वळून पाहिलं नाही.

दरम्यान व्यापार करारांची भाषा बदलली. मार्च 2024 मध्ये स्वित्झर्लंड, नॉर्वे आदी चार देशांशी झालेल्या करारात शाश्वत विकासाचं प्रकरण आलं. 24 जुलै 2025 ला ब्रिटनशी झालेल्या करारात कामगारांवर स्वतंत्र प्रकरण आहे. संघटना करण्याचा हक्क, वेठबिगारीला बंदी असे चांगले शब्द त्यात आहेत. मात्र ते मोडले तर व्यापाराच्या तंटानिवारणात जाता येत नाही. शिवाय ब्रिटननं आपल्या सवलतींतून साखर वगळली आहे. कामगारांचं प्रकरण आलं त्या करारात साखरेला जागा नाही, आणि साखरेवरून खटला झाला तिथं कामगाराला नव्हती.

ब्राझीलशी आपण भांडलो, पण ब्राझीलच्या कोयत्याशी बोललो नाही. 1984 च्या मे महिन्यात साओ पाउलो राज्यातल्या ग्वारिबा गावी ऊसतोड्यांनी मोठा संप केला. एका माणसानं पाच ओळींऐवजी सात ओळी तोडायच्या, असा मालकांचा नवा नियम होता. वडवणीच्या कुठल्याही तोडकऱ्याला हे भांडण उलगडून सांगावं लागणार नाही. पुढं पाचट जाळण्यावर बंदीचा करार 2007 मध्ये झाला आणि त्या राज्यात यंत्रांनी बहुतेक फड ताब्यात घेतले. यंत्र आल्यावर हातानं तोडणाऱ्यांचं काय होतं, हे ग्वारिबाच्या लोकांना विचारण्यासारखं आहे. आपल्याकडं हार्वेस्टरला अनुदान सुरू झालेलं आहे. अन्न आणि शेती कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचं कार्यालयसुद्धा जिनिव्हातच आहे, व्यापार संघटनेच्या गावातच.

2024 चा करार तीन हंगामांचा आहे, 2025-26 पर्यंतचा. त्यानंतरच्या दसऱ्याआधी पुन्हा बैठक बसेल. बीडच्या संघटनांनी यावेळी कर्नाटकच्या कारखान्यांनाही त्या टेबलावर ओढावं, आणि बैठकीला जाताना खिशात गुजरातचा दर, हार्वेस्टरचा दर आणि निर्यातीचा भाव, तिन्ही आकडे लिहून न्यावेत.